कोहळं निघेपर्यंत

"काय वो थैलीबाई, सकाळी सकाळी एवढं पाणी कोणी पाजलं तुले? पोट फुटन ना तुह्यं!"

सासूबाई हे गच्चीवरच्या काळ्या कापडी पिशवीला म्हणाल्या. मी त्या पिशवीपासून दोन हातांवर, पाण्याची नळी धरून उभा होतो. गच्चीवर आम्हा दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. मी मुकाट्यानं नळ बंद केला.

"आता कसं," त्या पिशवीला म्हणाल्या, आणि पदर सारखा करून जिना उतरून गेल्या.

आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत पर्वताबाई गावंडे माझ्याशी एक वाक्यही थेट बोलल्या नव्हत्या. राग वगैरे काही नाही. दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्या पिढीत, सासू जावयाशी तोंड उघडून बोलत नसे. माझी बायको ज्योत्स्ना समोर असली की निरोप तिच्यामार्फत यायचा. "त्याईले विचार, अजून भात पायजे का." मी त्याच ताटावर बसलेला असायचो. मी ज्योत्स्नाला सांगायचो, "नको म्हणावं." ज्योत्स्ना नर्स आहे, ती ड्यूटीवर गेली की निरोप भिंतीमार्फत, कपाटामार्फत येई. आणि गच्चीवर पिशवीमार्फत.

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. वस्तू दिसली की तिला लेबल लावायचं, हा माझा स्वभाव. ज्योत्स्ना त्याला रोग म्हणते. गच्चीवर माझ्या आठ कापडी ग्रो बॅगा होत्या, आठांवर आठ लेबलं. टोमॅटो, वांगी, मेथी, एक लिंबू. जो भेटेल त्याला मी समजावून सांगायचो की कुंडीपेक्षा कापड बरं, जादा पाणी झिरपून जातं, मुळांना चहूकडून हवा लागते. लोक "अच्छा अच्छा" म्हणत आणि विषय बदलत.

त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीलाच सासूबाई गावच्या घरी न्हाणीत पडल्या. सासरे जाऊन पाच वर्षं झाली होती, ज्योत्स्ना एकुलती एक. उजवं मनगट मोडलं होतं. संध्याकाळी पडल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी दूधवालीला सापडल्या. दार वाजवून उत्तर येईना म्हणून ती मागच्या बाजूनं आत गेली, एवढंच नशीब.

ज्योत्स्ना जाऊन त्यांना घेऊन आली. सोबत एक पोतं होतं. त्यात ज्वारी, तिखट आणि घरची तुरीची डाळ. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून आणलेलं. पहिल्याच दिवशी ज्योत्स्नामार्फत मला कळवण्यात आलं की ही डाळ संपली की त्या जाणार.

"पुन्हा एकटी?" ज्योत्स्ना मला म्हणाली. "आणि पुढच्या वेळी त्या दिवशी दूधवाली आलीच नाही तर?"

त्यांनी राहावं, एवढंच आम्हाला हवं होतं. मग ज्योत्स्नानं आपल्या परीनं उपाय काढला. डाळीचा डबा अर्ध्यावर आला की ती मंडईतली डाळ त्यात गुपचूप ओतायची. तीन आठवडे डबा अर्ध्यावरच राहिला. चौथ्या आठवड्यात सासूबाईंनी डाव्या हातानं चिमूटभर डाळ घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे डाळ माही नाही."

"डाळ ती डाळ, आई."

"मले माही डाळ ओळखू येत नाही का, ज्योती? रविवारच्या गाडीत बसवून दे मले."

मी बाहेर पेपर उघडून बसलो होतो. वाचत मुळीच नव्हतो. आत ज्योत्स्ना काही बोलत नव्हती, म्हणजे रडत होती. थोड्या वेळानं सासूबाईंचा आवाज आला, जरा नरम. "अंगणातला वेल वाळला असन आता. यंदा कोहळं खायलेच नाही भेटलं. तुह्या बापाले किती आवडे."

मी पेपर खाली ठेवला. का कोण जाणे, मला एकदम सुचलं आणि मी बसल्या जागेवरून ओरडलो, "ज्योत्स्ना, आईंना म्हणावं, कोहळा मी लावतो. गच्चीवर. तो निघाला की खाऊन मग जा."

ज्योत्स्ना दारात येऊन उभी राहिली.

"त्याईले म्हण, थैलीत कोहळं येत असते का?"

"म्हणावं, येतं. चोवीस इंची पिशवीत येतं."

"किती दिवस लागतात म्हणा?"

"म्हणावं, चार महिने."

मध्ये दारात उभ्या असलेल्या ज्योत्स्नाला तोंड उघडायची गरजच पडली नाही. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"बरं. डाळ गावाहून मागवून घे, कोहळं निघेपर्यंत राहीन. निघालं का दुसऱ्या दिवशी जाईन. मंग कोणी आडवं यायचं नाही, सांगून ठेव."

आता आमच्याकडे कोहळा सहसा कुणी खात नाही. नव्या घराच्या दारावर, दुकानात टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून. पांढुरक्या भुकटीचं ते भलंमोठं फळ कुणाला इतकं आठवावं याचं मला नवल वाटलं. पण ज्याची त्याची जीभ. नर्सरीवाल्यालाही नवल वाटलं. "सर, टांगायला तयार मिळतो की. चार महिने कशाला थांबताय?"

"खायचाय."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बियांची पुडी दिली.

पेरणीच्या दिवशी मी लेबल लिहिलं: 'कोहळा. पेरणी ५ फेब्रुवारी.' ज्योत्स्नानं ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "तुमच्या हातचा 'कोहळा' वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!" म्हणाली. यात एवढं बरं वाटण्यासारखं काय ते मला समजलं नाही; पण बायकोनं केलेलं कौतुक परत करण्याइतका मी खुळा नव्हतो.

पिशवी भरताना सासूबाई जिन्याच्या दारात उभ्या होत्या. माती, कोकोपीट, निंबोळी पेंड, शेणखत, सगळं मी वजन करून घेतलं होतं.

"थैलीबाई, शेण ओलंच हाय अजून. मूळ जळन तुह्यं."

मी पिशवी पुन्हा रिकामी केली. शेणखत आठ दिवस उन्हात वाळवलं. मग बी लावलं. लेबलावरची तारीख तेवढी बदलली नाही, खाडाखोड मला आवडत नाही.

बी उगवलं. दोन पानं झाली, तीन झाली. चौथं पान उलगडलं त्या सकाळी सासूबाई वाकल्या, पान डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून त्यांनी हलकेच चोळलं. मग बारा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. पिशवीला काही म्हणाल्या नाहीत. खाली गेल्या आणि दिवसभर कोणाशीच बोलल्या नाहीत. माझं काय चुकलं असेल याचा मी कॉलेजात बसून विचार करत होतो. त्या दिवशी मी दोन मुलांना चुकीची भिंगं दिली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो तर त्या माझ्या आधी हजर. वेलाजवळ बसून खुरप्याच्या टोकानं माती मोकळी करत होत्या.

"आलाच हाय तर वाढ बापा आता," त्या वेलाला म्हणाल्या. "तुह्या जिवाचा काय दोष."

तेव्हापासून वेल त्यांचा झाला. मार्चच्या उन्हात कापड लवकर वाळतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं. ते किती, हे त्या पिशवीला सांगत आणि मी ऐकत असे. मनगटाचं प्लास्टर निघालं. वेल दोरीवर चढला. एप्रिलमध्ये फुलं आली, आणि रोज गळून पडायला लागली. मी पुस्तकं उघडून बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवीजवळ येऊन उभ्या राहिल्या. पदर नेहमीपेक्षा बराच पुढे ओढलेला.

"थैलीबाई, एवढ्या उंच गच्चीवर मधमाशा कुठून येतीन? हे... ज्याच्याखाली बोंडी हाय ना, थे एक फूल. अन् हे दुसरं, ज्याच्याखाली काहीच नाही. तर त्याचं... याले..." त्या अडल्या. मग घाईघाईनं म्हणाल्या, "थे लावा लागते. ज्योती येईपर्यंत फूल मिटून जाईन."

मला समजलं, आणि माझे कान तापले. मी नराचं फूल तोडलं, पाकळ्या काढल्या. सासूबाईंनी पाठ फिरवली आणि कधी न पाहिल्यासारखा अजिंक्यतारा पाहू लागल्या. मी ते फूल अलगद दुसऱ्या फुलाला टेकवलं. चाळीस सेकंद लागले असतील. तेवढ्यात त्यांनी किल्ल्याचा बुरूज न् बुरूज मोजला असावा.

"झालं का, थैलीबाई?"

तोपर्यंत पिशवीच्या वतीनं मी कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. "थैलीबाई, त्यांना सांगा, झालं म्हणून."

पदराआड त्या हसल्या. मला दिसलं नाही, पण खांदे हलले.

ते फूल धरलं. एकच. आणि आमचं बोलणं सुरू झालं. संध्याकाळी मी घरी आलो की दोघं वर जायचो, पिशवीच्या दोन बाजूंना दोन पाट टाकून बसायचो आणि थैलीबाईशी बोलायचो. ज्योत्स्ना लहानपणी चिंचेवरून पडली होती, हे मला थैलीबाईकडून कळलं. सासरे तमाशाच्या नादानं एकदा तीन दिवस घरी आले नव्हते, हेही. मीही थैलीबाईला सांगितलं की मला लेक्चरर व्हायचं होतं आणि झालं नाही. हे मी ज्योत्स्नालाही कधी धड सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "थैलीबाई, न्हाणीत पडली ना, तं रातभर आवाज देत होती मी. मंग गळा बसला. मरणाचं भेव नाही वाटलं. ज्योतीले कोण सांगन, असं वाटलं."

मी म्हटलं, "थैलीबाई, त्यांना म्हणावं, इथंच राहा. कायमच्या."

"थैलीबाईले काय समजते?" त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी बसून खाल्लं, लेकीच्या घरी मेली, असं म्हणतीन लोक. आयुष्यभर कोणाच्या दारात गेली नाही मी. कोहळं निघालं का मी जाणार."

कोहळा मात्र हट्टाला पेटल्यासारखा वाढत होता. मुठीएवढा झाला, तांब्याएवढा झाला. देठावर भार येऊ नये म्हणून सासूबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी शिवून त्यात तो टांगला. ज्योत्स्ना सुट्टीच्या दिवशी वर आली की झोळीतून दिसणाऱ्या हिरव्या पाठीवर हात फिरवायची आणि "मस्त धरलंय हं, आई" म्हणून खाली जायची. आणि मी? सहा महिन्यांपूर्वी जर कुणी मला सांगितलं असतं की तू स्वतः लावलेलं फळ वाढू नये म्हणून झुरशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी सकाळचं पाणी अर्धं केलं. मग एक दिवस दिलंच नाही.

"उपाशी ठेवून राहिले का तुले?" सासूबाई पिशवीत बोट खुपसून म्हणाल्या. "असं करून कोहळं थांबत नसते बापा. जीव हाय त्याले."

मला इतकी लाज वाटली की मी दोन बादल्या ओतल्या. त्यावरही बोलणी खाल्ली.

मेच्या शेवटी फळावर भुकटी धरली. बोट लावलं की बोटाला पांढरं लागायचं. कोहळा तयार झाला की हे होतं, मला ठाऊक होतं. तीन दिवस मी कोणाला बोललो नाही. रोज झोळीची कड वर ओढून ठेवायचो. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "थैलीबाई, देठ वाळला." बस, एवढंच. आणि खाली जाऊन त्यांनी आपली लुगडी ट्रंकेत भरायला घेतली.

मी कोहळा तोडला. प्रयोगशाळेतून आणलेल्या काट्यावर साडेसहा किलो भरला. बारशाच्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून खाली आणला आणि स्वयंपाकघरात पाटावर ठेवला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी ट्रंक.

तेवढ्यात ज्योत्स्ना ड्यूटीवरून आली. चप्पल काढता काढता तिनं पाहिलं आणि एक चप्पल हातात घेऊनच उभी राहिली.

"हे काय आहे?"

"कोहळा," मी म्हणालो.

"अहो, हा कोहळा! आईला कोहळं हवं होतं!"

"मग तेच की."

"तेच काय! आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा! आपण मंडईतून दर आठवड्याला आणतो तो. इथं आल्यापासून मी भोपळाच म्हणते, आई कोहळं म्हणते. तुम्ही लेबलावर कोहळा लिहिलंत, मला वाटलं, माझ्या माहेरचा शब्द लिहिलात!" असं म्हणून ती खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली.

माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही. फेब्रुवारीपासून कोणत्याही दिवशी मंडईत जाऊन मी ती भाजी आणू शकलो असतो. पावशेर कापून मिळते. चार महिने मी वजनं केली होती, तारखा लिहिल्या होत्या, नको तिथे फुलं टेकवली होती, आणि त्या बाईसमोर आणून काय ठेवलं होतं, तर दृष्टीला टांगायचं फळ.

"पण आई, तू रोज वर जात होतीस ना?" ज्योत्स्ना म्हणाली. "तुला नाही समजलं?"

सासूबाई पदरानं कोहळ्यावरची भुकटी पुसत होत्या. "चौथ्या पानालेच समजलं."

"मग बोलली कावून नाही?"

"कोणाशी बोलू? जावयाशी?" त्या म्हणाल्या. "अन् सांगितलं असतं तं त्याईनं उपटून टाकला असता. एवढ्या हौसेनं लावला होता."

मी तिथून उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात हाक आली.

"जावईबापू."

मी मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का म्हणून. मग समोर पाहिलं. सासूबाईंचा पदर खांद्यावर होता आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"मी काय म्हटलं होतं? केव्हालोक राहीन म्हटलं होतं?"

"कोहळं निघेपर्यंत," मी म्हणालो.

"मंग हे कोहळं हाय का?"

मी पाटाकडे पाहिलं. "नाही."

"नाही ना? मंग." त्यांनी ट्रंक पायानं मागे सरकवली. "दुसरी थैली भरा. शेण चांगलं वाळवून घेजा या खेपेले."

ज्योत्स्ना तोंड फिरवून ओट्याकडे गेली आणि उगाच भांडी आपटायला लागली. त्या दिवशी आमच्या घरी त्या पांढऱ्या कोहळ्याची भाजी झाली, सासूबाईंच्या पद्धतीनं, खसखस आणि सुकं खोबरं वाटून. चव म्हणाल तर पाण्यासारखी होती. पण सासूबाईंनी त्या दिवशी, मंडईतल्या डाळीच्या वरणासकट, दुसऱ्यांदा भात घेतला. आमच्या घरात पहिल्यांदा.

पुढं त्या सात वर्षं राहिल्या. जून उजाडता उजाडता गावाहून बी मागवलं आणि पाऊस संपताना पहिला लाल भोपळा निघाला. सासूबाईंनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "हे कोहळं नाही, कोहळ्याचं पिल्लू हाय." पुढच्या वर्षी चांगला चार किलोचा निघाला. "रंग हाय, गोडी नाही." त्याच्या पुढचा गोड होता, तर म्हणे पाणचट. प्रत्येकाची भाजी व्हायची, त्या ताट चाटूनपुसून खायच्या, हात धुवायच्या आणि मान हलवायच्या. "नाही जमलं, जावईबापू." गावाकडून फोन आला की सांगायच्या, "कावून येऊ बाप्पा, कोहळं कुठं निघालं अजून?" सात वर्षांत माझ्या नोंदीप्रमाणे एकोणीस भोपळे निघाले. त्यातलं एकही कोहळं नव्हतं.

शेवटच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आमच्याच घरी, रस्त्याकडच्या खोलीत. वेलावर एकच धरला होता, पण असा की तसा माझ्या हातून पुन्हा झाला नाही. गोल, जड, केशरी. मी तो खाली आणून त्यांच्या कुशीशी ठेवला. त्यांनी बराच वेळ त्यावरून हात फिरवला. वाकड्या जुळलेल्या मनगटाच्या हातानं टकटक करून पाहिलं. मला वाटलं, आता तरी हो म्हणतील.

"हे बी नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली पाहू."